सुधारलेली, पण तीच

1963 मध्ये लोटस कॉर्टिना बाजारात आली ती एक दोष घेऊनच. फोर्डच्या साध्या कॉर्टिनाला मागे पाटे होते. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी ते काढून कॉइल स्प्रिंग बसवल्या आणि मागचा अ‍ॅक्सल इकडेतिकडे सरकू नये म्हणून डिफरन्शियलच्या खाली 'ए' आकाराची एक चौकट जोडली. रेसच्या गुळगुळीत ट्रॅकवर ही रचना उत्तम चाले. खडबडीत रस्त्यावर मात्र चौकटीचे सगळे हिसके डिफरन्शियलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घरावर येत. बोल्ट सैल होत, तेल गळू लागे, ते चौकटीच्या रबरी बुशांवर पडे आणि तेलाने रबर मऊ पडलं की अ‍ॅक्सल पुन्हा मोकळा हलू लागे. 1965 च्या मध्यात फोर्डने चौकट काढून टाकली आणि पाटे परत आणले. पुढच्याच वर्षी बेंग्ट सॉडरस्ट्रॉम यांनी लोटस कॉर्टिना चालवून ग्रीसमधली अ‍ॅक्रोपोलिस आणि ब्रिटनमधली आरएसी या दोन्ही रॅली जिंकल्या.

आज अशी गाडी ऐतिहासिक रॅलीसाठी तयार करायला कोणी घेतली, तर पहिला निर्णय याच जागी घ्यावा लागतो. माझं मत पाट्यांच्या बाजूचं आहे. ही सुधारणा आपण बाहेरून आणलेली नाही. गाडी बनवणाऱ्यांनी ती त्याच काळात, त्याच अडचणीवर शोधली होती. जुन्या गाडीत सुचलेला प्रत्येक बदल मी याच प्रश्नावर तपासतो: त्या वर्षांतल्या रॅली विभागातल्या मिस्त्रीने हा बदल केला असता का, आणि त्याच्या हाताशी असलेल्या साहित्यात तो त्याला जमला असता का? उत्तर हो आलं तर पाना हाती घ्यावा. नाही आलं तर फार भक्कम कारण हवं. अशी कारणंही असतात, त्यांच्याकडे पुढे येतो.

आपल्याकडे 'विंटेज रॅली' म्हटलं की चकाचक पॉलिश केलेल्या गाड्यांची संथ मिरवणूक डोळ्यांपुढे येते. युरोपातली ऐतिहासिक रॅली वेगळी असते. तिचे मुख्यतः दोन प्रकार. एकात बंद रस्त्यांवर किंवा जंगलातल्या कच्च्या वाटांवर घड्याळाविरुद्ध सुसाट गाडी हाकायची. दुसरा प्रकार 'रेग्युलॅरिटी'चा. त्यात आयोजकांनी ठरवून दिलेली सरासरी गती सेकंदाच्या हिशोबाने राखायची असते. लवकर पोहोचलात तरी दंड, उशिरा पोहोचलात तरी दंड. तपासनीस कुठे उभा असेल ते आधी कळत नाही. ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यांवर ही सरासरी ताशी 30 मैलांच्या, म्हणजे सुमारे 48 किलोमीटरच्या वर नेता येत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण रात्री, पावसात, गाडीभर रुंदीच्या शेतरस्त्यावर, हातातला नकाशा वाचत एवढी गती राखून दाखवणं भल्याभल्यांना घाम फोडतं. या दुसऱ्या प्रकारात जास्तीची अश्वशक्ती फारशी कामाला येत नाही, तरी गाडी घेतल्याबरोबर पुष्कळ जण पहिला खर्च इंजिनावरच करतात.

नियमांचा पाया आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, 'अपेंडिक्स के'मध्ये आहे. गाड्यांचे कालखंड ठरलेले आहेत. 1962 ते 1965 या वर्षांतली गाडी 'एफ' कालखंडात मोडते, 1966 ते 1969 मधली 'जी-1'मध्ये. तुमच्या गाडीतला प्रत्येक महत्त्वाचा भाग त्या काळात तिच्यावर खरोखर वापरला गेला होता, हे कागदोपत्री दाखवावं लागतं आणि ते सगळं गाडीच्या तांत्रिक पासपोर्टात नोंदलं जातं. लोटस कॉर्टिनाची मान्यतेची कागदपत्रं उपलब्ध आहेत, कारण ग्रुप 2 या स्पर्धा-वर्गात उतरायला वर्षभरात 1,000 गाड्या बनवणं बंधनकारक होतं आणि फोर्डला ती मान्यता 1963 च्या सप्टेंबरात मिळाली. ही कागदपत्रं मला अडथळा वाटत नाहीत. चाळीस प्रकारचे चकचकीत सुटे भाग समोर दिसत असताना कुठे थांबायचं, ते ती सांगतात.

आता इंजिन. फोर्डच्या साध्या, मजबूत लोखंडी ब्लॉकवर दोन कॅमशाफ्टचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड बसवलेलं हे इंजिन 1558 सीसीचं. हेडचा आराखडा हॅरी मंडी यांचा, ते तेव्हा 'द ऑटोकार' साप्ताहिकाचे तांत्रिक संपादक होते. दोन वेबर 40 डीसीओई कार्ब्युरेटर, कारखान्याने सांगितलेली ताकद 105 अश्वशक्ती. रेसवाले यातून कितीतरी अधिक काढतात, पण ती सगळी अगदी वरच्या आरपीएमला मिळते आणि खाली इंजिन गुदमरतं. ओल्या चिखलातल्या वळणावरून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना लागते ती मधल्या आरपीएमची ओढ. म्हणून कॅम सौम्य ठेवावी, कार्ब्युरेटरचे चोक फार मोठे करू नयेत, आणि वाचलेला पैसा क्रँकशाफ्टचं बॅलन्सिंग, चांगली बेअरिंग आणि तेल थंड ठेवण्याची सोय यांवर घालवावा. त्यातून मिळणारा आकडा मित्रांना सांगण्याजोगा नसेल, पण इंजिन तिसऱ्या दिवशीही पहिल्या दिवसासारखंच सुरू होईल.

या इंजिनाचं खरं दुखणं वॉटर पंप. त्याचं बेअरिंग आणि सील टायमिंग चेनच्या पुढच्या कव्हरमध्येच ठोकून बसवलेलं असतं. पंप गेला की कव्हर काढायचं, आणि ते काढायला वरून हेड उतरवायचं, खालून चेंबर सोडवायचा. रॅलीच्या मुक्कामात, छत्रीखाली, हे काम होणं अशक्यच. फॅन बेल्ट जरा जास्त ताणला तरी बेअरिंग लवकर जातं. आता दोन भागांचं कव्हर मिळतं, त्यात पंप वेगळा निघतो, चार बोल्ट सोडून बदलता येतो, आणि बॉनेट उघडलं तर पाहणाऱ्याला फरक सहसा जाणवतही नाही. हा भाग त्या काळातला नाही. तरीही मी तो बिनदिक्कत बसवेन. त्याने गाडी वेगवान होत नाही, तिचा स्वभाव बदलत नाही, आणि तिच्या जन्मापासूनची एक वेदना तेवढी कमी होते. मघाशी भक्कम कारण म्हणालो ते अशा ठिकाणी सापडतं.

गिअरबॉक्सचीही अशीच कथा. सुरुवातीच्या गाड्यांचा पहिला गिअर इतका उंच होता की चढावर गाडी उचलताना क्लच जळायची वेळ यायची. फोर्डनेच पुढे त्यात कोर्सेअर 2000ई या गाडीचे गिअर घातले. डिफरन्शियलचं प्रमाण मुळात 3.9, रॅलीसाठी 4.4 च्या आसपासचं घेतलं की चढ आणि तीव्र वळणं सोपी होतात. हमरस्त्यावर इंजिन ओरडतं, तेवढं सोसावं. ब्रेकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम ही मूळ जोडी पुरेशी आहे. चांगले पॅड, नवे होज, वेळच्या वेळी बदललेलं ब्रेक ऑइल, बस्स. रुंद टायर आणि फुगवलेले मडगार्ड लावून या गाडीचं रूप बिघडवणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही. पातळ टायरवर मागचा भाग हलकेच बाहेर काढत वळणारी कॉर्टिना पाहणं यातच तर अर्धं सुख आहे.

या गाडीचा मुंबईशी एक खराखुरा संबंध आहे. 24 नोव्हेंबर 1968 ला लंडनहून निघालेली लंडन-सिडनी मॅरेथॉन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून दिल्लीमार्गे मुंबईला आली. इथे गाड्या 'चुसान' जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला नेल्या गेल्या. मुंबईत पोहोचताना सगळ्यांत पुढे होते रॉजर क्लार्क आणि ओव्हे अँडरसन, लोटस कॉर्टिना घेऊन. पुढे ऑस्ट्रेलियात इंजिनाने दगा दिला. संघातल्याच एरिक जॅक्सन यांच्या गाडीचं हेड काढून क्लार्कच्या गाडीवर चढवलं. मग डिफरन्शियल गेलं, तेव्हा वाटेत भेटलेल्या एका सामान्य कॉर्टिनावाल्याकडून त्याच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल मिळवला. एवढं करून ते दहावे आले. जिंकली ती अँड्र्यू काउअन, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉइल यांची हिलमन हंटर. ही 1725 सीसीची चार दारांची घरगुती सलून मुंबईत पहिल्या तिघांतही नव्हती. शेवटच्या टप्प्यात आघाडीवरच्या सिट्रोएनला अपघात झाला आणि हंटर पुढे गेली, हे खरं. पण तोवर धड राहण्याचं काम तिने केलं होतं. रूट्स कंपनीच्या रॅली विभागातले डेस ओडेल यांनी ती तयार केली होती. तीच हंटर इराणमध्ये 'पेकान' नावाने 2005 पर्यंत बनत राहिली, टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर धावली.

फोर्डने यातून काय घेतलं ते 1970 मध्ये दिसलं. लंडन ते मेक्सिको वर्ल्ड कप रॅलीसाठी एस्कॉर्ट निवडली, तेव्हा त्यांच्याकडे लोटसचं तेच दुहेरी कॅमचं इंजिन होतं. ते बाजूला ठेवून त्यांनी साधं पुशरॉडचं इंजिन सुमारे 1850 सीसीपर्यंत वाढवून बसवलं. भाग कमी, दक्षिण अमेरिकेच्या वाटांवर दुरुस्ती सोपी. हन्नू मिक्कोला आणि गुन्नार पाम यांनी ती जिंकली.

आपल्या वंशाच्या एका माणसाचं नावही इथे घेतलंच पाहिजे. नैरोबीचे जोगिंदर सिंग स्वतः मेकॅनिक होते. 1965 ची ईस्ट आफ्रिकन सफारी त्यांनी भाऊ जसवंत सिंग यांच्यासह व्होल्व्हो पीव्ही544 घेऊन जिंकली. ती गाडी कंपनीच्या संघाने आधी वापरून सोडलेली होती, आणि तिचा मूळ आराखडा तर 1940 च्या दशकातला. सफारीची वाट ज्याला पाठ आहे अशा मेकॅनिकच्या हाती कुठला बोल्ट कधी सैल होईल याचं ज्ञान असतं. ते कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

बॉडीचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं. या काळातल्या गाड्यांना वेगळी चासी नसते, पत्र्याचं कवच हाच सांगाडा. तो गंजला की पुढच्या स्ट्रटची वरची बैठक भेगाळते, आणि तिथून गाडीचं अलाइनमेंट कायमचं जातं. रंग लावण्याआधी पत्रा उघडा करून गंज कापायचा, सांध्यांवर वेल्डिंग वाढवायचं, स्ट्रटच्या बैठकीवर जाड पत्रा बसवायचा, खाली चेंबर गार्ड लावायचा, पेट्रोल आणि ब्रेकच्या नळ्या गाडीच्या आतून न्यायच्या. हे सगळं त्या काळातले संघही करत. फक्त एक विनंती. 1963-64 ची, अ‍ॅल्युमिनियमची दारं-बॉनेट-डिकी आणि ए-चौकट शाबूत असलेली गाडी हाती लागली, तर तिच्यावर कापाकापी करू नका. तशा गाड्या आता फार उरलेल्या नाहीत. रॅलीसाठी नंतरची, पाट्यांची गाडी शोधावी.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र जुन्याचा आग्रह मला पटत नाही. रोल केज, आजच्या दर्जाचे पट्टे, डोकं धरणारी सीट, अग्निशामक, बॅटरी तोडणारा स्विच यांत कसली आलीय रसिकता? हाडं त्या काळातही मोडत होती.

विजेच्या कामात डायनामो काढून अल्टरनेटर लावावा. डायनामो मंद आरपीएमला पुरेसा प्रवाह देत नाही, आणि रात्रीच्या टप्प्यात चार दिवे, वायपर, हीटर एकदम चालू असतात. ब्रिटनच्या बीएमसी या मोटार कंपनीच्या कारखाना-संघाच्या मिनी गाड्यांवर 1960 च्या दशकातच अल्टरनेटर होते, त्यामुळे मन खात नाही. वायरिंग नवं करावं, फ्यूज वाढवावेत. डाव्या सीटची, म्हणजे नॅव्हिगेटरची, सोय हा या सगळ्यातला माझ्या आवडीचा भाग. स्वीडनच्या हाल्डा कंपनीचा ट्रिपमास्टर, त्याच्या शेजारी दोन स्टॉपवॉच, भिंग आणि दिवा एकाच डबीत असलेला नकाशावाचक 'पोटी', गुडघ्याला टेकवायला फळी. जे रेग्युलॅरिटी खेळतात ते सांगतील की हाल्डा टायरच्या खऱ्या परिघाशी जुळवून घेण्यात घालवलेली एक सकाळ ही दहा अश्वशक्तींपेक्षा जास्त गुण मिळवून देते.

भारतात ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांच्यासाठी 2021 चा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 50 वर्षांहून जुनी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन अशा कामांसाठीच रस्त्यावर येते. 1974 पासून कुर्ल्यात 'पद्मिनी' या नावाने बनू लागलेल्या प्रीमियरच्या पहिल्या गाड्यांनी आता ही पन्नाशी ओलांडली आहे. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईचे नझीर हुसेन यांनी 1980 मध्ये सुरू केलेल्या हिमालयन रॅलीचा तो काळ, आणि रस्त्यावर दिसे ती बहुधा हीच किंवा अ‍ॅम्बेसेडर. तिच्यावर दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन चढवण्याची रीत टॅक्सीवाल्यांमध्ये होती, ती आता आवरली पाहिजे, कारण मूळ इंजिनासोबत नोंदणीचा हक्कही जातो. बाकी वाव भरपूर आहे. रेडिएटरची कोअर नवी घालून घ्यावी, पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्यूटरच्या आत मावणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं, पाट्यांची बुश आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलावेत, ड्रम टर्न करून घ्यावेत. आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप तसंच पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे घालावेत, कारण आज पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पन्नास वर्षांपूर्वीचं रबर फुगतं, चिरतं, आणि गळणारं पेट्रोल थेट गरम सायलेन्सरवर पडू शकतं. इतर काही करायच्या आधी हे काम उरकून घ्यावं.