माईकवाल्याचे कान

लग्नाचा हॉल असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम, आपण किती जणांचं कौतुक करतो! गाणाऱ्या मुलीचं, निवेदिकेचं, सजावटीचं, झालंच तर बटाटेवड्यांचंसुद्धा. पण कोपऱ्यात मिक्सरच्या बटणांवर बोटं ठेवून तीन तास बसलेला माईकवाला कुणाच्या लक्षात राहतो का? राहतो, पण माईक किंचाळला तरच! मग सगळा मांडव वळून त्याच्याकडे असा पाहतो, जणू दूध त्याच्याच हातून उतू गेलं.

आमच्या चौकहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यावर एन. डी. स्टुडिओ आहे. २००८ साली आलेल्या ‘जोधा अकबर’चे भव्य सेट तिथेच उभे राहिले होते. सिनेमात संवाद बिघडला तर पुन्हा घेता येतो, मागाहून भरताही येतो. गावातल्या कार्यक्रमाला ही सोय कुठली? शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला तर गेला, नाहीतर हवेत विरला.

तुम्ही म्हणाल, बटण फिरवायचं, त्यात काय एवढं? पाहा हं. माईक किंचाळतो, कारण स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. म्हणून स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवायचे. दुसरी गंमत अंतराची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. लांबच लांब मांडवात मागेही स्पीकर लावले, तर मागच्यांना तोच शब्द आधी जवळच्या स्पीकरमधून आणि मग पुढच्या स्पीकरमधून, असा दोनदा ऐकू येतो. अंतर ३४ मीटर असेल तर एक दशांश सेकंदाचा फरक! तेवढ्यानेही बोलण्याचा काला होतो. जाणकार माईकवाला मागचा स्पीकर तितकाच उशिरा वाजवतो. शिवाय रिकाम्या हॉलमध्ये घुमणारा आवाज माणसं भरली की बदलतो, कारण आपली अंगं आणि कपडे तो शोषून घेतात. म्हणून दुपारी जमवलेलं सगळं संध्याकाळी पुन्हा कानाने जमवावं लागतं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. सातवीतली मुलगी कविता म्हणायला उभी राहते. तिच्या आधी उंच पाहुणे बोलून गेलेले असतात, त्यामुळे माईक तिच्या कपाळाच्याही वर. ती टाचा उंचावते, मान वर करते. तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट झालं की आवाजाचा जोर चौथाईवर येतो. महिनाभर पाठ केलेली कविता दुसऱ्या रांगेतच संपते आणि लोक म्हणतात, “पोरीचा आवाजच बारीक!” बारीक नसतो हो! स्टँडचा स्क्रू सैल करून माईक वीतभर खाली घ्यायचा असतो, एवढंच. हळदीकुंकवाला “मला नको बाई तो माईक” म्हणणाऱ्या किती जणींच्या बाबतीत हेच झालं असेल! चांगला माईकवाला न सांगता उठतो आणि उंची जुळवतो. तो नसेल तर तुम्ही उठा. माईक तोंडापासून चार बोटांवर, किंचित बाजूला धरा. त्यावर टिचक्या मारू नका, फुंकर घालू नका आणि जाळी मुठीत झाकू नका.

पोहोचणं म्हणजे दणदणाट नव्हे, हेही त्याला कळावं लागतं. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ-आठ तास कानावर पडत राहिला तर कान कायमचे अधू होऊ शकतात. पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. आपल्याकडे २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. म्हणून तान्हं बाळ घेऊन स्पीकरच्या तोंडाशी बसू नका.

आणि त्याचे स्वतःचे कान? लग्नसराईत रोज रात्री तो त्याच आवाजात बसतो. “आणखी वाढव रे” म्हणणारे आपणच असतो. त्याचं पोट कानांवर चालतं, आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

तेव्हा पुढच्या कार्यक्रमाला एवढं करा. त्याला दोन तास आधी बोलवा. कोण गाणार, कोण बोलणार, ढोलकी-पेटी आहे का, याची यादी हातात द्या. ओल्या जमिनीवर वायरी नकोत, अर्थिंग तपासलेलं हवं. नाहीतर माईक धरणाऱ्यालाच शॉक बसायचा. जेवणाची पंगत बसली की एक ताट कोपऱ्यातही पोहोचवा; तो जागचा उठू शकत नाही. आणि आभार मानताना त्याचंही नाव घ्या. ते नाव सगळ्यांना नीट ऐकू जाईल, याची काळजी तो घेईलच!