फुजीवर चढलेले डॉक्टर
दोन्ही हातांचे अंगठे तळहातात घट्ट दुमडून धरा बरं. आता शर्टाचं बटण लावून दाखवा! जमत नाही ना? रदरफर्ड अल्कॉक नावाच्या ब्रिटिश सर्जनवर हीच वेळ आली. वय पस्तिशीच्या आत, आणि अंगठे निकामी.

त्यांचे हात फार कसबी होते. शिकत असताना पॅरिसला जाऊन ते मेणाच्या प्रतिकृती करायला शिकले. माणसाचे स्नायू, हाडं, सगळं मेणात घडवायचे. पुढे 1832 मध्ये पोर्तुगालमध्ये गादीवरून दोन भावांत युद्ध पेटलं, तेव्हा अल्कॉक तिथे लष्करी डॉक्टर म्हणून गेले. नंतर स्पेनच्या युद्धातही. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी भूल देत नसत. सैनिकाचा पाय कापायचा तर तो पूर्ण शुद्धीवर! म्हणून सर्जनचा हात झटपट चालावा लागे. आणि युद्धात जडलेल्या संधिवाताच्या तापानं नेमका तोच हात हिरावून घेतला.

मग काय केलं त्यांनी? 1844 मध्ये ते चीनला ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि 1859 मध्ये जपानला. पण अंगातला डॉक्टर कुठे जातोय! 1861 मध्ये रात्रीच्या वेळी तलवारी घेतलेल्या माणसांनी त्यांच्या वकिलातीवर हल्ला केला. सहकारी ऑलिफंट जबर जखमी झाले, तेव्हा त्यांची जखम अल्कॉक यांनी स्वतः बांधली.

मला मात्र तुम्हाला न्यायचंय त्याच्या आदल्या वर्षात. सप्टेंबर 1860. अल्कॉक म्हणाले, मला फुजी पर्वतावर चढायचंय. जपानी अधिकारी नाराज झाले. तिथे सामान्य यात्रेकरू जातात, तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला ते शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. अल्कॉक हटले नाहीत. शंभरेक माणसं आणि तीसेक घोडे घेऊन निघाले. परदेशी माणूस फुजीच्या माथ्यावर गेल्याची ही पहिली नोंद.

सोबत व्हीच नावाचे वनस्पती गोळा करणारे गृहस्थ होते. त्यांना फुजीवर जो फर वृक्ष सापडला, त्याच्या शास्त्रीय नावात आजही व्हीच आहेत. आणखी एक होते लेफ्टनंट रॉबिन्सन, इंडियन नेव्हीचे. या नौदलाचं मुख्य ठाणं होतं आपल्या मुंबईत! रॉबिन्सननी फुजीची उंची काढली 14,177 फूट. खरी उंची आहे 12,388 फूट, म्हणजे 3,776 मीटर. बरीच चुकली, पण साधनं कसली होती तेव्हा! त्या काळी डोंगराची उंची काढायची एक गमतीदार रीत होती: माथ्यावर पाणी उकळायचं आणि त्यात थर्मामीटर बुडवायचा. वर हवा विरळ, तिचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. समुद्रकाठी 100 अंशांना, फुजीच्या माथ्यावर साधारण 87 अंशांनाच. जितकी उंची जास्त, तितका आकडा खाली.

आणि आता याच्या अगदी उलट. डोंगर उतरून मंडळी अतामी गावी गेली. तिथे ओयु नावाचा गरम पाण्याचा फवारा होता, दिवसातून सहाएक वेळा उसळणारा. जमिनीखाली दहा मीटर पाण्याचा थर वर असला की दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि मग पाणी 100 ला उकळतच नाही, 120 पर्यंत तापत जातं. आपल्या प्रेशर कुकरमध्ये होतं तसंच. वरचं थोडं पाणी बाहेर सांडलं की दाब एकदम घटतो, खालच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि सगळं भस्सकन वर येतं.

अल्कॉक यांचा लाडका टेरियर कुत्रा टोबी नेमका त्या तोंडाशी गेला तेव्हा ओयु उसळला. बिचारा भाजून मेला. गावकऱ्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी टोबीला आपल्यातल्याच कुणासारखं विधीपूर्वक पुरलं. अल्कॉक यांनी आपल्या पुस्तकात ते लिहून ठेवलंय. टोबीच्या नावाचा दगड अतामीत आजही ओयुजवळ उभा आहे. मला तर सगळ्या गोष्टीत हे गावकरी जास्त आवडतात.

तुम्हीही डोंगराची उंची पाण्याला विचारू शकता. सुट्टीत महाबळेश्वरला गेलात, तर घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन पाणी उकळा आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासारखा थर्मामीटर त्यात धरा. तापाचा थर्मामीटर मुळीच नको, तो फुटेल! आकडा 95-96 च्या आसपास यायला हवा. किती आला ते आम्हाला नक्की लिहून कळवा, आणि वाफेपासून हात लांब ठेवा.