जहाजाचा कर आणि बेटाचा गल्ला

जुलै 2025 पासून ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर क्रूझ जहाजातून पाय ठेवायचा, तर ऐन हंगामात माणशी 20 युरो कर पडतो. जून ते सप्टेंबर हा तिथला हंगाम. नवरा-बायको आणि दोन मुलं असली तर 80 युरो, म्हणजे आपले जवळपास 8 हजार रुपये. आणि हे सगळं बेटावर चहाचा घोट घेण्याआधीच. मायकोनॉस बेटालाही हाच दर आहे. हिवाळ्यात तो 4 युरोंवर येतो.

अशाच जहाजांच्या स्वयंपाकघरात मी बरीच वर्षं काढली. आता मार्गासनीला, नसरापूर-वेल्हे रस्त्यावर जिथून गुंजवण्याला वळतात त्या बाजूला, माझं छोटं हॉटेल आहे. राजगडाला जाणारी माणसं चहा-पोह्यांना थांबतात, गड उतरल्यावर पिठलं-भाकरी खातात. म्हणून एक प्रश्न मला दोन्ही टोकांनी माहीत आहे: दारातच पैसे घेतले, तर पाहुणा आत गेल्यावर हात आखडता घेतो का?

माझं उत्तर असं, की थोडाफार घेतो, पण कराच्या रकमेमुळे फारसा नाही. कारण क्रूझच्या प्रवाशाला हा कर दिसतच नाही. जहाजाची कंपनी तो गोळा करून सरकारला भरते आणि प्रवाशाच्या बिलात तो 'बंदर शुल्क व कर' या ओळीत मिसळून जातो. ते बिल त्याने घरी बसून कधीच भरलेलं असतं. बेटावर उतरताना त्याच्या डोक्यात 20 युरो नसतात. डोक्यात असतं ते घड्याळ.

सँटोरिनीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. ती समुद्रात उभी राहतात, प्रवासी छोट्या बोटींतून जुन्या बंदराला जातात आणि तिथून कड्यावरच्या फिरा गावात जायला रोपवेची रांग. ही रांग तासभर खाते. परतीची शेवटची बोट चुकली तर जहाज थांबत नाही, या धास्तीने माणसं दोन तास आधीच खाली यायला लागतात. उरलेल्या वेळात फोटो, एखादी थंड बिअर, फ्रिजला चिकटवायचं लोहचुंबक. जेवायला कोण बसणार? जहाजावर जेवणाचे पैसे आधीच दिलेले आहेत. बंदराच्या दिवशी दुपारी आमच्या बुफेला सुटी मिळेल असं नवीन पोरांना वाटायचं. प्रत्यक्षात दीड-दोनच्या सुमाराला टोप्या घातलेली, उन्हाने लाल झालेली माणसं ताटं घेऊन उभी असायची. बेटावरच्या खानावळीत त्याच वेळेला खुर्च्या रिकाम्या.

कॅरिबियनमध्ये क्रूझ कंपन्यांच्या संघटनेसाठी झालेल्या पाहण्यांत एका प्रवाशाचा एका बंदरावरचा खर्च सरासरी 100 डॉलरच्या आसपास दाखवतात. आकडा मोठा वाटतो. पण त्यात सगळ्यात मोठा वाटा सहलींचा आणि घड्याळ-दागिन्यांचा. बरेच जण सहल जहाजावरच बुक करतात आणि कंपनी आपला हिस्सा ठेवून उरलेले पैसे बेटावरच्या गाडीवाल्याला देते. रस्त्यावर शहाळी विकणाऱ्या बाईपर्यंत यातलं किती पोचतं, ते जहाजावरून उतरून तिच्याशी बोललेल्यालाच कळतं.

मग कर वाढल्यावर खरा फरक कुठे पडतो? तो पडतो जहाज कुठे वळवायचं या निर्णयात. अलास्काच्या मतदारांनी 2006 मध्ये क्रूझ प्रवाशांवर माणशी 50 डॉलर कर लावला. कंपन्या कोर्टात गेल्या, काही जहाजं त्यांनी दुसरीकडे नेली, आणि 2010 मध्ये राज्याला तो साडेचौतीस डॉलरवर आणावा लागला. मेक्सिकोने माणशी 42 डॉलर जाहीर केले. त्यातला मोठा वाटा लष्कराच्या खात्यात जाणार होता. कोझुमेल हे तिथलं सगळ्यात गजबजलेलं क्रूझ बेट, आणि पोट त्या बेटाचं जहाजांवर. शेवटी तडजोड होऊन जुलै 2025 पासून 5 डॉलरवर सुरुवात झाली, 2028 पर्यंत टप्प्याटप्प्याने 21.

कंपन्यांच्या हातात याहून मोठं हत्यार आहे: स्वतःचं बेट. बहामात त्यांनी अख्खी बेटं भाड्याने किंवा विकत घेतली आहेत. पाण्याच्या घसरगुंड्या त्यांच्या, छत्र्या त्यांच्या, बारही त्यांचा. प्रवासी बेटावर उतरतो, पण पैसा जहाजाच्या गल्ल्यातच फिरतो. बहामा सरकारने 2024 मध्ये दर वाढवताना खासगी बेटावर जाणाऱ्याचा कर राजधानी नासाऊला उतरणाऱ्यापेक्षा दोन डॉलर जास्त ठेवला, 23 ऐवजी 25. फरक नावापुरता असला तरी मला तो शहाणपणाचा वाटतो. ज्या पाहुण्याचा गावाला उपयोग कमी, त्याच्याकडून सरकारने निदान कर तरी जास्त घ्यावा.

आपल्याकडचं उदाहरण लांब नाही. मुंबईला परदेशी जहाज लागलं की त्यातले पुष्कळ प्रवासी गेटवेहून बोटीने घारापुरीला जातात. तासाभराचा प्रवास. धक्क्यावरून लेण्यांकडे जाताना ग्रामपंचायत प्रवासी कर घेते, माणशी पाच-दहा रुपये. वर लेण्यांच्या दारात पुरातत्त्व खात्याचं तिकीट: भारतीयाला 40, परदेशी पाहुण्याला 600. म्हणजे ज्याच्या अंगणातून जायचं त्या गावाला दहाची नोट आणि सरकारी खात्याला सहाशे. या बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या वाड्यांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती 2018 मध्ये, आणि लेणी जागतिक वारसा झाली होती 1987 साली. एकतीस वर्षं जगभरचे पाहुणे दिवसा लेणी बघून गेले आणि संध्याकाळी गाव काही तासांच्या जनरेटरवर राहिलं.

घारापुरीच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना गावातल्या बायका माळा, टोप्या, दगडी हत्ती, काकड्या मांडून बसतात. तिथेही 600 रुपयांनी धंदा मारला असं दिसत नाही. गाइड 'चला, चला, बोट सुटेल' म्हणतो, तिथे धंदा मरतो.

आमच्या भागात हेच चित्र वेगळ्या कपड्यांत दिसतं. सिंहगडाला घाटाच्या पायथ्याशी उपद्रव शुल्क घेतात, दुचाकीला 50 आणि चारचाकीला 100. पूर्वी ते 20 आणि 50 होतं. वाढलं तेव्हा कुरकुर झाली. रविवारची रांग हटली नाही. राजगडाच्या वाटेवर मी रोज बघतो, की खर्च ठरतो तो पाहुणा कसा आला यावर. पुण्यामुंबईहून पहाटे ट्रेकची बस येते. आयोजकाने नाश्ता, जेवण, वाटाड्या सगळं धरून पैसे आधीच घेतलेले असतात. पन्नास पोरं उतरतात, स्वच्छतागृह विचारतात, पाण्याची एखादी बाटली घेतात आणि दहा मिनिटांत बस हलते. उलट स्वतःच्या गाडीने आलेलं चार माणसांचं घर गड उतरून निवांत टेकतं, दोन जास्तीच्या भाकऱ्या मागतं, निघताना पाच किलो इंद्रायणी तांदूळ बांधून घेतं. गडावर पद्मावती माचीला ताक-सरबत विकणाऱ्या बायका डोक्यावर हंडा घेऊन चोरदरवाजाची ती उभी वाट चढतात. त्यांचाही अनुभव हाच आहे. पन्नास रुपये शुल्क बसलं म्हणून त्यांचं ताक उरणार नाही. 'बारा वाजता सगळे खाली' असा आयोजकाचा हुकूम असला, की उरतं.

11 जुलै 2025 ला राजगड इतर अकरा किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या यादीत गेला. गर्दी वाढेल, आज ना उद्या शुल्काची पाटीही लागेल. माझा त्याला विरोध नाही. गडावर चढणाऱ्या प्रत्येकामागे कचरा आहे, पाणी आहे, अडकलेल्याला खाली आणणारी गावातली पोरं आहेत, आणि यातलं काहीच फुकट होत नाही. ग्रीसने कराचा तिसरा हिस्सा बेटाच्या नगरपालिकेला ठेवला. आमच्या बाबतीत एवढंच मागणं आहे: गुंजवणे, पाली आणि भुतोंडे या पायथ्याच्या गावांचा हिस्सा नियमातच लिहा, जमाखर्च दर ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि जेवणासकट बस घेऊन येणाऱ्या आयोजकाचा दर घरच्या गाडीवाल्यापेक्षा जास्त ठेवा.

आणि तुम्ही राजगडाला याल तेव्हा शुल्क लागलं असेल तर त्याची पावती मागून घ्या, उतरल्यावर तासभर हाताशी ठेवा आणि पायथ्याच्या कुठल्याही गावात, कुठल्याही घरी जेवून जा.