आवडत्या खेळाडूचा चित्रसंग्रह

इंग्लंड-अमेरिकेंत पूर्वीं सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंचीं चित्रें छापलेलीं लहान कार्डें घालीत. आज तीं जमविणारे पुष्कळ आहेत. परंतु दुर्मिळ कार्डें फार महाग पडतात. विद्यार्थ्यांस आम्ही सोपा मार्ग सुचवितों, तो टपाल तिकिटांचा. १९९६ सालीं भारतीय टपालखात्यानें प्रो. दि. ब. देवधर यांच्या चित्राचें तिकीट काढिलें. संस्कृतच्या ह्या अध्यापकांनीं १९४०-४१ च्या हंगामांत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतां, मुंबईविरुद्ध २४६ धावा काढिल्या. असें तिकीट डिंकानें चिकटवूं नये. चिमट्यानें उचलावें, परभणीच्या पावसाळ्यांत ओलीपासून जपावें आणि त्याशेजारीं खेळाडूची कामगिरी स्वहस्तें लिहावी. संग्रह पाहतांना पालकांनीं तिकिटाच्या किंमतीपेक्षां खेळाडूचें चरित्र मुलांस विचारावें, म्हणजे छंदाची विद्या होईल.