नाणे घासू नये

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, क्रमांक १० च्या लेण्यात, उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने कायम ठेवले. त्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. कार्षापण म्हणजेच पालीतील ‘कहापण’. म्हणून जुनी नाणी जमविणे हा आम्ही केवळ छंद मानीत नाही.

एका विद्यार्थ्याने आम्हांस चिंचेने घासून लख्ख केलेले नाणे दाखविले. त्यावर एकही अक्षर उरले नव्हते. हानी किती मोठी, हे एका उदाहरणाने कळेल. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे उषवदाताचा सासरा नहपान याची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. सत्तांतराचा हा पुरावा नाण्याच्या पृष्ठभागावरच असतो. घासल्याने तोच झिजतो.

नवोदित संग्राहकाने नाणे कडेने धरावे, त्याचे वजन व व्यास मोजावा आणि ते कोठे, कोणाकडून मिळाले हे वहीत नोंदवावे. प्रत्येक नाणे स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवावे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. संग्रह लहान असला तरी चालेल. नोंद मात्र पुरी असावी.