जहाजावरून किनाऱ्यावर उतरताना

भोपाळ हे तलावांचे नगर असले तरी समुद्र आपल्यापासून दूरच. तथापि गेल्या काही वर्षांत अरेरा कॉलोनीतील अनेक मराठी कुटुंबे क्रूझची सहल करून आली आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेले, सुमारे २११ मीटर लांबीचे जहाज मुंबईहून सुरू झाले आणि गोवा व लक्षद्वीप हे मार्ग मध्यमवर्गीय कुटुंबांच्या विचारात आले. निघण्यापूर्वी पालक दवाखान्यात येतात ते बहुधा एकच प्रश्न घेऊन : “उलटीचे औषध कोणते द्यावे?” प्रश्न योग्य आहे, परंतु अपुरा. माझ्या मते जहाजावर असताना जितकी काळजी घ्यावी, त्याहून अधिक ती जहाजावरून किनाऱ्यावर उतरताना घ्यावयास हवी.

प्रथम उलटीविषयी. अंतर्कर्णातील तोलाचे इंद्रिय ‘शरीर हलते आहे’ असे सांगते आणि बंद खोलीतील स्थिर भिंती पाहणारे डोळे ‘सर्व स्थिर आहे’ असे सांगतात. या विसंगतीतून मळमळ होते. दोन वर्षांखालील बालकांना हा त्रास क्वचितच होतो. तो सर्वाधिक दिसतो शाळकरी वयात. आमच्याबरोबर भाचीची दोन मुले होती. दीड वर्षाची धाकटी निवांत झोपली आणि आठ वर्षांचा थोरला मोबाइलवर खेळता खेळता पांढराफटक पडला. त्याला वरच्या डेकवर नेऊन क्षितिजाकडे पाहावयास लावल्यावर पाऊण तासात तो खाण्याविषयी विचारू लागला. जहाजाचा मध्यभाग व खालचे मजले सर्वांत कमी हलतात; आरक्षण करतानाच हे ध्यानात घ्यावे. घरोघरी आढळणारी ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. श्वसन मंदावण्याचा धोका असल्याने दोन वर्षांखालील बालकास ते देऊ नये. मोठ्या मुलांना वयानुरूप मात्रा डॉक्टरांना विचारून आणि प्रवास सुरू होण्यापूर्वी द्यावी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुधा बाहेरच पडते.

औषधे हातातील पिशवीतच असावीत. मोठे सामान धक्क्यावर काढून घेतात आणि ते खोलीत पोहोचावयास काही तास लागतात. पंजाब मेलने रात्रभर प्रवास करून आलेल्या मधुमेही आजोबांचे इन्सुलिन त्या सामानात अडकले, तर मोठीच अडचण व्हावयाची.

जहाजावरील जुलाब-उलट्यांच्या साथी बहुधा नोरोव्हायरसच्या असतात. भोजनगृहाच्या दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरवर लोकांचा फार विश्वास. परंतु या विषाणूवर अल्कोहोलचा परिणाम अल्प होतो. साबण व वाहते पाणी हाच खरा उपाय. जहाजावर डॉक्टर, परिचारिका, सलाईन व प्राथमिक तपासण्यांची सोय असते. बालरोगतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह असतेच असे नाही. उपचारांचे शुल्कही सामान्यतः वेगळे आकारतात. आपला विमा हा खर्च देतो का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आणीबाणीच्या सरावाला कंटाळणारे सहप्रवासी मी पाहिले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ही आठवण कोकणात अजून पुसलेली नाही. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर हा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेण्याचा नियम आला. मुलांसाठी लहान मापाचे जीवरक्षक जॅकेट कोठे आहे, हे त्याच वेळी विचारावे.

आता किनारा. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची असून त्यांच्याभोवती उथळ खाजण असते. त्यामुळे मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवासी लहान होड्यांतून बेटावर जातात. जहाजाच्या दारातून होडीत पाऊल टाकावयाचे तो क्षण सर्वांत नाजूक. होडी लाटेसरशी वरखाली होते. ऐंशीला टेकलेल्या आमच्या आईंना खलाशांनी दोन्ही बाजूंनी धरून, होडी लाटेवर वर आली असता अलगद घेतले. अशा वेळी हातात पर्स, काठी, कॅमेरा काहीही नसावे. मूल कडेवर घेऊन स्वतः उडी मारू नये. ते खलाशाच्या हाती द्यावे. येथे संकोच कामाचा नाही.

बेटावरील पाणी निळे, नितळ आणि फसवे. पोहण्याच्या तलावात तरबेज झालेले मूल समुद्रात तितकेच सुरक्षित असते असे नाही आणि हवेची रबरी चकती म्हणजे जीवरक्षक जॅकेट नव्हे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. ते निःशब्द खाली जाते. म्हणून प्रत्येक लहान मुलामागे हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस हवा आणि त्याच्या हाती मोबाइल नसावा. प्रवाळांवर अनवाणी चालल्यास झालेले ओरखडे चिघळतात. ते स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावेत. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना तापलेल्या वाळूचा चटका कळतही नाही आणि रात्री फोड दिसतात. प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून खिशात घालू नयेत. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. बेटांवर प्राथमिक उपचार होतात, पण गंभीर रुग्णास हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते. त्यास लागणारा वेळ हाच मला सर्वांत मोठा धोका वाटतो.

जहाजाच्या परतीची वेळ कटाक्षाने पाळावी. जहाजामार्फत ठरविलेल्या सहलीतील लोकांसाठी सहसा थांबतात. गोव्यात स्वतंत्र टॅक्सी करून मंदिरे पाहावयास गेलेल्यांसाठी थांबतीलच असे नाही.

परतल्यावर आईंना दोन दिवस घरातील फरशी हलल्यासारखी वाटत होती. मेंदूस लाटांची सवय झाल्याने असे होते आणि औषधाविना थांबते. मात्र त्यासोबत बोलणे अडखळले, एक हात जड वाटला किंवा तीव्र डोकेदुखी झाली, तर तो समुद्राचा परिणाम समजू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.