चीज वितळते, मग पनीर का नाही?

रविवारी सकाळी आमच्याकडे नाश्त्याला पोहे ठरलेले असतात. गेल्या महिन्यात मात्र सातवीत शिकणाऱ्या आमच्या पुतणीने हट्ट धरला, म्हणून आम्ही पुण्यात नव्यानेच सुरू झालेल्या एका उपाहारगृहात गेलो. तेथे ग्रिल्ड चीज सँडविचचेच निरनिराळे प्रकार मिळतात. साडेआठ वाजताच दाराबाहेर रांग होती. अर्ध्या तासाने जागा मिळाल्यावर आम्ही एक साधे चीज सँडविच आणि एक पनीर सँडविच मागवले.

बाहेरून दोन्ही सारखीच दिसत होती. लोणी लावून, तव्यावर दाबून भाजलेला खरपूस पाव. तोडल्यावर मात्र फरक दिसला. चीजची तार निघाली ती थेट ताटलीपासून तोंडापर्यंत. पनीरचे तुकडे होते तसेच चौकोनी, फक्त कडा तांबूस झालेल्या. पुतणीने लगेच विचारले, "काका, दोन्ही दुधाचंच ना? मग पनीर का नाही वितळलं?"

चहाचा घोट घेत आम्ही उत्तर देऊन टाकले, "वितळतात ते स्निग्ध पदार्थ. पनीरमध्ये ते कमी असतात, म्हणून ते वितळत नाही." उत्तर सोपे होते, ऐकायला शास्त्रीय होते. दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गात सांगितले. संशोधक काकांनी सांगितलेले, म्हणून बाईंनी फळ्यावर लिहिले आणि चाळीस मुलांनी वहीत उतरवून घेतले.

चार दिवसांनी घरातल्या फ्रिजमधील दोन वेष्टनांवरचा मजकूर आम्ही सहज वाचला आणि ओशाळलो. शंभर ग्रॅम मोझरेला चीजमध्ये स्निग्ध पदार्थ वीस-पंचवीस ग्रॅम, आणि शंभर ग्रॅम पनीरमध्येही जवळजवळ तेवढेच! आमचे स्पष्टीकरण तेथेच कोसळले.

मग जे आधी करायला हवे होते ते केले. तवा मंद आचेवर ठेवून त्यावर लोणी, मोझरेला आणि पनीर यांचे सारख्या आकाराचे तुकडे ठेवले. लोणी लगेच वितळून पाण्यासारखे पसरले, पण त्याला तार येईना. मोझरेलाच्या कडा आधी गोलसर झाल्या, मग तुकडा बसला आणि चमच्याने उचलताच तार आली. पनीरमधून पाणी सुटले, चरचर आवाज झाला, तळ लाल झाला; आकार मात्र जागच्या जागी राहिला. म्हणजे तार येणे आणि आकार टिकणे या दोन्हींचे रहस्य स्निग्ध पदार्थांत नसून प्रथिनांत असले पाहिजे.

दुधातील मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. त्याचे असंख्य सूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांमुळे प्रत्येक गोळा आतून बांधलेला असतो. गोळ्याच्या पृष्ठभागावर केसांसारखे धागे असून त्यांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे गोळे एकमेकांना दूर ठेवतात आणि दूध पातळ राहते.

बहुतेक चीज तयार करताना दुधात रेनेट नावाचे विकर घालतात. पूर्वी ते वासराच्या जठरातून मिळवत. आज बरेचसे सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतात. रेनेट गोळ्यांवरचे 'केस' कापून टाकते. मग गोळे जवळ येतात आणि कॅल्शियमच्या साहाय्याने जोडले जाऊन त्यांची जाळी बनते. या जाळीत स्निग्ध पदार्थांचे थेंब आणि पाणी अडकते. चीज तापवले की प्रथम स्निग्ध पदार्थ मऊ होतात. तापमान साधारणतः ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत गेले की जाळीतील पुरेसे बंध सैल होतात, प्रथिने एकमेकांवरून सरकू लागतात आणि चीज वाहते. ओढल्यावर हीच प्रथिने एका दिशेने ताणली जाऊन तार बनते.

पनीरची रीत वेगळी आहे. दूध उकळीच्या जवळ नेऊन त्यात लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घालतात. एवढ्या उष्णतेने, एरवी निवळीत निघून गेली असती अशी प्रथिनेही उलगडतात आणि केसीनला चिकटतात. आम्लामुळे गोळ्यांमधील बराचसा कॅल्शियम विरघळून बाहेर पडतो आणि पृष्ठभागावरचा विद्युतभारही नाहीसा होत जातो. आता प्रथिनांना दूर ठेवणारे काही उरत नाही. ती थेट एकमेकांना बिलगतात. अशी जाळी तापवली तर सैल होण्याऐवजी अधिकच आवळते आणि पाणी बाहेर ढकलते. तव्यावरची चरचर ती हीच. पाणी संपले की पनीर करपते, पण वाहत नाही. मटर पनीरच्या रश्श्यात तुकडे अखंड राहतात ते याच गुणामुळे.

वर्गात हे खेळातून दाखवता येईल. काही मुलांनी नुसती बोटे गुंतवून साखळी करावी. 'तापले' म्हणताच बोटे सोडून शेजारच्या दुसऱ्या मुलाची बोटे धरावीत. साखळी हलत, सरकत राहते, हे चीज. दुसऱ्या गटाने एकमेकांना घट्ट कवटाळावे आणि 'तापले' म्हणताच मिठी अधिक आवळावी. हे पनीर.

सायट्रिक आम्लाची आणखी एक गंमत आहे. जुने, मुरलेले चीज तापवले तर त्यातून तेल वेगळे होते. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीजमध्ये सायट्रिक आम्लाचा सोडियम क्षार मिसळून यावर उपाय शोधला. हा क्षार प्रथिनांजवळचा कॅल्शियम ओढून घेतो. मोकळी झालेली प्रथिने स्निग्ध पदार्थ आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवतात. प्रक्रिया केलेल्या चीजचा जन्म असा झाला. आम्ल पनीर घट्ट करते आणि त्याचाच क्षार चीज मऊसूत करतो.

आम्ही पुतणीच्या बाईंना चिठ्ठी लिहून चूक कळवली आणि प्रयोगाची रीतही दिली. बाईंनी दुसऱ्याच दिवशी शाळेत तवा मांडला. आमचे जुने उत्तर त्यांनी पुसू दिले नाही. मुलांनी वहीत त्याखालीच प्रयोगाची निरीक्षणे लिहिली. हा प्रयोग आपणही करावा. तवा हाताळण्याचे काम शिक्षकांकडे ठेवावे आणि तापवण्याआधी 'काय होईल' हे मुलांकडून लिहून घ्यावे.

परवा आम्ही पुन्हा त्याच उपाहारगृहात गेलो. पनीर सँडविच कसे करता, असे तव्यावरच्या काकांना विचारले. ते म्हणाले, "पनीरखाली थोडं चीज किसून घालतो साहेब, नाहीतर तुकडे घरंगळतात. पनीर कितीही तापवा, ते काही धरत नाही." पहिल्याच रविवारी त्यांना विचारले असते, तर चाळीस वह्यांत चुकीचे उत्तर गेले नसते.